खाऱ्या पाण्याची टाकी

आमच्या घरी समुद्री माशांची काचेची टाकी आहे. अब्बा माशांना रोज सकाळी चिमूटभर खाणे घालत. मला ते कमी वाटे. मी दुपारी गुपचूप आणखी घालत असे.

हळूहळू काचेवर शेवाळ चढले. नारिंगी मासा कोपऱ्यात पडून राहू लागला. पाणी तर स्वच्छ दिसत होते! अब्बांनी काचनळीत पाणी घेऊन तपासणीच्या औषधाचे थेंब टाकले. पाणी लालभडक झाले.

"नायट्रेट वाढले," ते म्हणाले. "उरलेले खाणे कुजते, जिवाणू त्याचे शेवटी नायट्रेट करतात आणि ते टाकीतच साचते."

मी रडत सारे सांगितले. अब्बांनी माझ्या हाती बादली दिली. आता दर आठवड्याला आम्ही पाचवा हिस्सा पाणी बदलतो. नव्या पाण्यात समुद्री मीठच लागते, स्वयंपाकाचे चालत नाही. ६ आठवड्यांनी नळीतला रंग नारिंगीवर आला. मासा पुन्हा काचेपाशी येतो. खाण्याची डबी मात्र अजून वरच्या फळीवरच आहे.