एनिस : कुळांच्या मताचे आणि अबोल्याचे गाव

आयर्लंडमधील क्लेअर परगण्याचे मुख्य ठिकाण एनिस. फर्गस नदीकाठी तेराव्या शतकात ओब्रायन घराण्याच्या आश्रयाने फ्रान्सिस्कन मठ उभा राहिला; त्याभोवती गाव वाढले.

अरुंद रस्ते जेथे मिळतात, तेथे जुन्या न्यायालयाच्या जागी उंच स्तंभावर डॅनियल ओकॉनेल यांचा पुतळा आहे. १८२८ मध्ये जमीनदारांचा रोष पत्करून गरीब कुळांनी त्यांना निवडून दिले. १८२९ मध्ये कॅथलिकांना संसद खुली झाली; त्याच वर्षी या कुळांचा मताधिकार मात्र गेला.

१९ सप्टेंबर १८८० रोजी येथेच पार्नेल यांनी उपाय सांगितला : बेदखल कुळाची जमीन घेणाऱ्याशी सर्व व्यवहार तोडा. लवकरच मेयो परगण्यात जमीनदाराचे कारभारी कॅप्टन बॉयकॉट यांच्यावर तो आजमावला गेला. त्यांचे आडनाव शब्दकोशात शिरले.

एका पिढीचे मत हिरावले गेले. पुढच्या पिढ्यांनी अबोल्यालाच शस्त्र केले.