नारूची गोष्ट

मराठवाड्यातल्या आमच्या वाड्यात ऐंशीच्या दशकात वाढलेली आम्ही चुलत-आते भावंडं आता पन्नाशीला टेकलो. लग्नकार्यात जमलो की गप्पा कधी ना कधी नारूवर येतात. नव्या सुनांना आणि मुलांना हा शब्दच ठाऊक नसतो.

आम्ही तो पाहिला होता. उन्हाळ्यात कुणाच्या तरी नडगीवर फोड यायचा, नुसती आग व्हायची. फोड फुटला की पांढऱ्या दोऱ्यासारखं टोक दिसायचं. मोठी माणसं ते काडीला गुंडाळून रोज बोटभर ओढायची. घाईत तुटलं तर पाय सुजायचा, पिकायचा. हातभर, कधी त्याहून लांब असलेला तो किडा पुरता निघेपर्यंत आठवडे जायचे आणि ऐन पेरणीच्या तोंडावर घरातला कर्ता गडी बाजेवर पडलेला असायचा. कुणी त्याला देवाचा कोप म्हणे, कुणी अंगातलं वाईट रक्त.

त्यांना चुकीचं ठरवणार तरी कसं? नारू पाण्यातून होतो, पण ते पाणी पिणं आणि नारू बाहेर येणं यांत जवळजवळ वर्ष जातं. काल शिळं खाल्लं, आज पोट बिघडलं, हे कुणालाही कळतं. गेल्या वैशाखातल्या घोटाचा या वैशाखातल्या फोडाशी संबंध लावायचा, तर गोष्टच सांगावी लागते. ती आमच्याकडे नर्सबाई घेऊन आल्या. नारू निर्मूलनाचा राष्ट्रीय कार्यक्रम १९८३-८४ मध्ये सुरू झाला, त्यानंतरचे ते दिवस.

बाई ओसरीवर बसत आणि आधी आजीलाच विचारत, "आजी, मागच्या साली या दिवसांत पाणी कुठनं आणत होता?" आजीला तारखा येत नसत, सणवार मात्र पक्के. पाडव्याला आड आटला, तेव्हापासून बारवेचं पाणी. मग बाई पुढचं सांगत. नारूचा माणूस बारवेत उतरतो, गार वाटावं म्हणून पाय पाण्यात सोडतो. फोडातून डोळ्यांना न दिसणारी पिल्लं पाण्यात पडतात, पाण्यातला बारीक किडा ती गिळतो, तो किडा घागरीतून आपल्या पोटात येतो.

आजीला बारवेच्या पायरीवर पाय सोडून बसलेला शेजारी आठवला. "म्हणजे त्याचाच आमच्या घरात आला की!" बाईंनी लगेच सावरलं. त्यालाही तो असाच पाण्यातून झाला, माणसाचा काही दोष नाही. फक्त त्याने पाण्यात उतरू नये आणि आपण गाळल्याशिवाय पिऊ नये.

त्याच संध्याकाळी घागरीच्या तोंडावर दुपदरी फडकं आलं. पुढे चैत्रगौरीच्या हळदीकुंकवाला आंब्याची डाळ वाटताना आजी तीच गोष्ट गल्लीतल्या बायकांना सांगे, आपल्या सणवारांसकट.

नारूवर लस नव्हती, औषधही नव्हतं, आजही नाही. हातपंप आले, बारवांत अळ्या-किडे मारायचं औषध पडलं, हे मोठंच काम. पण रोजचं पाणी गाळणं बायकांच्याच हातात होतं, आणि ते त्यांनी केलं ते कारण पटल्यामुळे, हे आम्ही डोळ्यांनी पाहिलंय. देशातला शेवटचा रुग्ण जुलै १९९६ मध्ये राजस्थानात सापडला. फेब्रुवारी २००० मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने भारत नारूमुक्त झाल्याचं प्रमाणित केलं.

कोविडात आम्हाला त्या नर्सबाई आठवायच्या. फोन लावला की आधी सूचना ऐकू यायच्या. त्या गरजेच्या होत्या, तरी ओसरीवर बसून "तुम्ही कुठं गेला होता?" असं विचारणारं माणूस आम्हाला फार हवं होतं.

धाकट्या आत्यांना आजीची गोष्ट अजून तोंडपाठ आहे. येत्या दिवाळीत आम्ही ती त्यांच्या आवाजात रेकॉर्ड करून घेणार आहोत. नर्सबाईंचं नाव मात्र त्यांनाही आठवत नाही, आणि त्याचं आम्हा सगळ्यांना मनापासून वाईट वाटतं.