वगळलेल्या शब्दांची जागा

हिवाळी अधिवेशनात नागपूरच्या विधान भवनात प्रतिवेदक म्हणून बसलं की एक वाक्य रोज कानावर येतं: ‘‘तपासून पाहतो, आक्षेपार्ह असेल तर कामकाजातून काढून टाकण्यात येईल.’’ सभागृहात त्यालाच ‘एक्सपंज करणं’ म्हणतात. अस्सल वऱ्हाडी बोलणारे सदस्यही उभे राहून ‘एक्सपंज करा, एक्सपंज करा’ असंच ओरडतात.

अध्यक्ष ‘तपासून’ म्हणतात तेव्हा ते आमचे कागद तपासणार असतात. काही मिनिटांची पाळी संपली की आम्ही बाहेर येऊन मजकूर उतरवून काढतो. त्या पानांच्या माथ्यावर ‘असुधारित प्रत, प्रसिद्धीसाठी नाही’ असं छापलेलं असतं. म्हणजे जो शब्द पुसायचा, तो आधी कुणीतरी बिनचूक लिहावाच लागतो. गोंधळात, माईक बंद असताना, चारजण एकदम बोलत असताना तो नेमका कुणी उच्चारला, हे ठरवणं ही या कामातली सर्वांत मोठी जबाबदारी.

शब्द मागे घेणं वेगळं आणि काढून टाकणं वेगळं. सदस्याने शब्द मागे घेतला तर तो शब्दही नोंदीत राहतो आणि मागे घेतल्याचंही राहतं. काढून टाकला तर जातो. पण तो एकटा जात नाही. समोरच्या बाकावरून आलेलं ‘हे खपवून घेणार नाही’ छापलं जातं, काय खपवून घेणार नाही ते मात्र गेलेलं असतं. नुसतं विशेषण वगळलं तर उरलेलं वाक्य कधी निरर्थक होतं, कधी चक्क स्तुतीसारखं वाचलं जातं. म्हणून कुठून कुठपर्यंत वगळायचं, हा प्रश्न किती वगळायचं यापेक्षा अवघड असतो.

लोकसभेच्या नियमांनी याची चांगली सोय केली आहे. नियम ३८० प्रमाणे अब्रूनुकसानकारक, असभ्य, असंसदीय किंवा अप्रतिष्ठेचे शब्द काढण्याचा आदेश अध्यक्ष देऊ शकतात. लगेच पुढचा ३८१ सांगतो की त्या जागी तारका छापाव्यात आणि अध्यक्षांच्या आदेशाने वगळल्याची तळटीप द्यावी. मला या दोहोंत दुसरा नियम मोलाचा वाटतो. आपल्याकडचे पोथी लिहिणारे चुकलेल्या अक्षरांवर पिवळी हरताळ फासत. तो डाग वाचणाऱ्याला दिसे आणि इथे काही होतं हे कळे. लॅटिनमधल्या ज्या क्रियापदावरून ‘एक्सपंज’ आला त्यातही टोचण्याचा, टिंब देण्याचा अर्थ आहे, आणि मध्ययुगीन युरोपातले लेखनिक नको असलेल्या अक्षराखाली खरोखरच टिंबं देत.

अमेरिकेच्या सिनेटने १८३४ मध्ये राष्ट्राध्यक्ष अँड्र्यू जॅक्सन यांच्या निषेधाचा ठराव केला. पुढे बहुमत पालटलं आणि तो वगळायचं ठरलं. पण कार्यवृत्त राखणं ही तर घटनेचीच आज्ञा! १६ जानेवारी १८३७ रोजी सचिवांनी मूळ वही आणवली, ठरावाभोवती काळ्या रेघांची चौकट काढली आणि मजकुरावर आडवं लिहिलं की सिनेटच्या आदेशाने वगळले. खालचा ठराव वाचता येत राहिला.

आपल्याकडे वगळण्याचा कायदेशीर अर्थ पाटण्याच्या ‘सर्चलाइट’ वृत्तपत्राच्या खटल्यात ठरला. ३० मे १९५७ रोजी बिहार विधानसभेत झालेल्या भाषणाचा काही भाग अध्यक्षांनी वगळला. दुसऱ्या दिवशी वृत्तपत्राने भाषण पूर्ण छापलं. सर्वोच्च न्यायालयाने डिसेंबर १९५८ मध्ये बहुमताने म्हटलं की वगळलेला भाग कायद्याच्या दृष्टीने बोललाच गेला नाही, त्यामुळे शब्दन्‌शब्द खरा असलेला वृत्तांतही विपर्यस्त ठरतो. न्या. सुब्बा राव यांचं मत वेगळं होतं. कामकाज मुक्तपणे छापायला संरक्षण देणारा अनुच्छेद ३६१-अ राज्यघटनेत आला तो पुढे, १९७८ च्या ४४ व्या घटनादुरुस्तीने.

आता सभागृहाचं थेट प्रक्षेपण होतं. आदेश निघेपर्यंत चित्रफीत सीताबर्डीच्या चहाटपरीपासून गडचिरोलीपर्यंत मोबाईलवर पोचलेली असते. म्हणून वगळणं निरर्थक झालं, असं काही सहकारी म्हणतात. मला ते पटत नाही. सभागृहात हजर नसलेल्या, उत्तर देऊ न शकणाऱ्या माणसाची बदनामी विधिमंडळाच्या शिक्क्यानिशी ग्रंथालयात कायमची राहू नये, एवढं काम हा अधिकार आजही करतो आणि ते मोठं काम आहे. काळजी वेगळीच आहे. गैरसोयीची टीका आणि शिवी या दोन्हींच्या जागी सारख्याच तारका येतात. पन्नास वर्षांनी अभ्यासकाने तो खंड उघडला तर त्याला भेद कळायला मार्ग नाही. शब्द न छापता कारण छापता येतं: व्यक्तिगत बदनामी, असभ्य भाषा, न्यायप्रविष्ट बाब. तळटीपेत ही एक ओळ वाढवायला जागा कितीशी लागते?