दुसऱ्याचे बिऱ्हाड

घर पाहावे बांधून आणि लग्न पाहावे करून, असे आपले पूर्वज सांगून गेले. घर पाहावे भाड्याने देऊन, हे सांगायचे मात्र त्यांच्याकडून राहून गेले. ती उणीव भरून काढण्याची पाळी हल्ली माझ्यावर येते. वडिलांच्या मागे पुण्यातल्या दोन खोल्या माझ्याकडे आल्या. गेली बारा वर्षे मी त्या भाड्याने देतो. तेवढ्या भांडवलावर आमच्या शाळेत मी जमीनदार ठरलो आहे!

परवा मधल्या सुटीत एका तरुण सहकाऱ्याने विचारले, "सर, कर्ज काढून दुसरं घर घ्यावं म्हणतो. हप्ता भाड्यातून सुटेल ना?" घरात दोन लहान मुले आणि मिळवता हा एकटाच. म्हणून मी एक पाठकोरा कागद पुढे ओढला. माझे गणित मॅट्रिकपाशी थांबले. पण या हिशेबाला तेवढे पुरते.

समजा, घर ६० लाखांचे आणि भाडे महिना १८,००० रुपये. वर्षातला एक महिना घर रिकामे राहील, असे धरावेच. एक बिऱ्हाड जाते, दुसरे यायचे असते, आणि मध्ये रंगाऱ्याचा मुक्काम पडतो. उरले १,९८,०००. त्यातून सोसायटीचे ३०,०००, महापालिकेच्या कराचे ८,००० आणि नळ, मोरी, रंग यांचे १०,००० वजा करा. हाती येतात १,५०,०००; म्हणजे शेकडा अडीच. बँकेतली मुदतठेव याहून अधिक देते, आणि तिचा नळ कधी गळत नाही. उलट ४५ लाखांचे कर्ज साडेआठ टक्क्यांनी २० वर्षांसाठी काढले, तर हप्ता महिना ३९,००० रुपयांच्या घरात जातो. भाडे त्याच्या निम्मेही नाही.

"पण जागेची किंमत वाढेल की!" तो म्हणाला. वाढेलही. पण ती आशा आहे, उत्पन्न नव्हे. आणि आशेवर मुलांची फी भरता येत नाही.

हिशेबानंतर कागद. १९४७च्या मुंबईच्या भाडे कायद्याने जुन्या घरांची भाडी १९४०च्या पातळीला बांधून टाकली. पुढे ते भाडे दुरुस्तीलाही पुरेना, आणि कित्येक मालकांनी आपल्याच चाळींकडे पाठ फिरवली. घर भाड्याने देणे म्हणजे घालवणे, असे वडिलांच्या पिढीला वाटे, ते उगीच नव्हे. त्या कायद्याची जागा महाराष्ट्र भाडे नियंत्रण अधिनियम, १९९९ याने ३१ मार्च २००० पासून घेतली. त्यानुसार 'लीव्ह अँड लायसन्स'चा करार लेखी आणि नोंदलेला असावा लागतो, आणि ती जबाबदारी मालकाची. अकरा महिन्यांच्या कराराला नोंदणी लागत नाही, ही समजूत आपल्या राज्यात खोटी आहे. नोंद नसेल, तर उलट सिद्ध होईपर्यंत अटींविषयी भाडेकरूचेच म्हणणे खरे धरले जाते.

पण हिशेब आणि कागद एवढ्यानेच घर दिले जात नाही. ते मनानेही द्यावे लागते. माझ्या पहिल्या भाडेकरूंकडे एक वृद्ध आई होती. बिऱ्हाड आल्यावर आठवड्याने तिचा फोन आला, "मास्तर, देवाच्या तसबिरीसाठी भिंतीत एक खिळा ठोकू का?" ती भिंत वडिलांनी हौसेने रंगवलेली. मी क्षणभर गप्प राहिलो. कादंबऱ्यांतून खाष्ट घरमालक मी पुष्कळ रंगवले आहेत. त्यांतला एक त्या क्षणी माझ्या जिभेवर येऊन बसला होता! मग ध्यानात आले, की ही बाई नुसता खिळा मागत नाही. या घरात तिने घरासारखे राहायचे की धर्मशाळेसारखे, हे ती विचारते आहे. मी म्हणालो, "खुशाल ठोका, आजी."

ते बिऱ्हाड सहा वर्षे राहिले. हिशेबातला तो रिकामा महिना सहा वर्षांत एकदाही आला नाही.

तेव्हा नव्या मालकाने पारखायचे ते किल्ली देण्यापूर्वी पारखावे: हप्ता पगारातून झेपतो का, रिकाम्या महिन्यांपुरती शिल्लक आहे का, करार नोंदला का. किल्ली दिल्यावर मात्र वेळीअवेळी डोकावू नये. नळ गळतो असे कळले, की त्याच दिवशी प्लंबर धाडावा. घर आपल्या नावावर असते खरे. पण आत बिऱ्हाड दुसऱ्याचे असते.