टेबलावरचे कोश

लिहिताना अडलं की मी दाते-कर्वे यांचा ‘महाराष्ट्र शब्दकोश’ काढते. पाहायचा असतो एकच शब्द, पण अर्धा तास सहज जातो. म्हणी, वाक्प्रचार, जुन्या ग्रंथांतले दाखले, कुठला शब्द कोणत्या भागातला, सगळं त्या बारीक टाइपात ठासून भरलेलं. १९३२ ते १९३८ या काळात त्याचे सात खंड निघाले. केवढी ती चिकाटी! मोल्सवर्थच्या कोशाची १८५७ची आवृत्ती तर आता फोनवरही चाळता येते. सोय झाली खरी, तरी शेजारच्या नोंदीवर नजर घसरण्याचं सुख छापील पानातच. मला नवी गोष्ट बहुतेकदा तिथेच सुचते.

बाकी पाठकोरे कागद, शिसपेन्सिल आणि लिहिलेलं मोठ्याने वाचायला रिकामी खोली. उद्या कथेतल्या आजीचं स्वयंपाकघर लिहायचंय. वैल, फुंकणी, शिंकं... नावं आजच काढून ठेवते.