साल धरण्याआधी

पुणे,
पाडव्याच्या आधीचा रविवार

चि. भाचीबाईस,


तू पाठवलेले मोठ्या आणि छोट्या, दोन्ही कंपन्यांच्या ऑफर लेटरचे फोटो काल रात्री मोठे करून करून वाचले. एका कागदावर चहाच्या कपाचा गोल डाग पडलाय. घरात हे कागद किती हातांतून फिरले असतील ते त्यावरून कळलं. फोनवर तू विचारलंस, “आत्या, कोणती घेऊ?” आणि मी “उद्या सांगते” म्हणाले. दोन वाक्यांत सांगण्यासारखं नव्हतं, म्हणून लिहायला बसले.

आधी तुझ्या आजोबांची, आपल्या आबांची एक गोष्ट सांगते. तुझ्या जन्माआधीची आहे, दादानंही, म्हणजे तुझ्या वडिलांनीही, तुला सांगितली नसेल.

स्वतःची जमीन कसायला लागण्याआधी आबा बरीच वर्षं सालगडी होते. पाडव्याला साल धरायचं आणि पुढच्या पाडव्याला फिटायचं. मी सहा-सात वर्षांची असताना एकदा त्यांच्याबरोबर मालकाच्या वाड्यात गेले होते. ओसरीवर चार माणसं बसलेली. आबा खाली घोंगडीवर बसले, पण बोलले मान वर करून. वर्षाचे पैसे किती, ज्वारीची पोती किती, धोतरजोडी आणि पायताण कधी, येडाईच्या जत्रेला सुट्टी किती दिवस, आजारी पडलो तर खाडे धरणार का. एकेक गोष्ट विचारून घेतली. मालक म्हणाले, “एवढं काय विचारतोस, आपण काय परके आहोत?” आबा शांतपणे म्हणाले, “परके नाही म्हणूनच आत्ता विचारतो मालक, नंतर तोंडं वाकडी नकोत.” चार माणसांदेखत ठरलं आणि मग आबांनी हातातला विडा तोंडात घातला.

आबांना अक्षर वाचता येत नव्हतं, आकडे तेवढे कळायचे. मी मात्र इंजिनियर होऊन 2006 साली पुण्यात पहिल्या नोकरीला लागले तेव्हा एकही प्रश्न विचारला नाही.

छोटी कंपनी होती, कर्वे रस्त्याच्या मागच्या गल्लीत. तिथल्या मॅडम म्हणाल्या, “दहावीपासूनच्या ओरिजिनल मार्कशीट जमा करा.” मी खाकी पाकिटातून काढून दिल्या. त्यांनी त्या लोखंडी कपाटाच्या खालच्या खणात ठेवल्या, किल्ली फिरवली आणि पर्समध्ये टाकली. त्या किल्लीचा आवाज मला अजून आठवतो. तेव्हा मात्र मला आनंदच झाला होता. नोकरी मिळाली, आता कागद सांभाळायची जबाबदारीही त्यांची, असं वाटलं! दीड वर्षानं एका चांगल्या कंपनीत दोन मुलाखती पार पडल्या. तिसऱ्या फेरीला ओरिजिनल घेऊन या म्हणाले. मी मागायला गेले तर दोन वर्षं नोकरी सोडायची नाही असा बॉण्डचा कागद पुढे आला. ती संधी गेली. त्या रात्री वसतिगृहाच्या गच्चीवर बसून मला आबांची ती ओसरी आठवली.

अगं, आपल्याकडे नोकरी हा उपकार वाटतो. वाटणारच. दसरा-दिवाळीच्या सुमारास मुकादमाकडून उचल घेऊन, नवरा-बायकोचा एक कोयता करून ऊसतोडीला जाणारी घरं तू लहानपणापासून पाहिलीस. 2018 साली नीती आयोगानं आकांक्षित जिल्ह्यांची यादी केली, त्यात आपल्या धाराशिव जिल्ह्याचं नाव होतं. अशा ठिकाणच्या पोरीच्या हातात पुण्याच्या कंपनीचं पत्र पडलं की घर देवापुढे साखर ठेवतं आणि खालच्या अटी कुणी वाचत नाही. तू मात्र वाच. साल धरण्याआधी आबा विचारायचे ते सगळं विचार. मला तुला सांगायचं आहे ते एवढंच. पुढचं सगळं त्याचाच तपशील.

पहिला प्रश्न विचार: काम कुणाचं? तो का विचारायचा ते कळायला पुण्यातलं आयटी कसं वाढलं ते आधी बघ. 1981 साली टीसीएसनं पुण्यात संशोधन केंद्र सुरू केलं. त्याच वर्षी इन्फोसिसची नोंदणीही पुण्यातच झाली, दोन वर्षांनी ती बंगळुरूला गेली. 1990 साली आनंद देशपांडे यांनी इथे पर्सिस्टंट उभी केली. 1983 साली वसंतदादा पाटलांच्या सरकारनं विनाअनुदानित अभियांत्रिकी कॉलेजांना परवानगी दिली आणि त्याच लाटेत धाराशिवला तेरणा, तुळजापूरला मंदिर संस्थानचं तुळजाभवानी अशी कॉलेजं उभी राहिली. त्यातूनच माझ्यासारख्या पोरी हिंजवडीच्या आयटी पार्कच्या बसमध्ये येऊन बसल्या. पण त्या बसमध्ये शेजारी शेजारी बसलेल्या दोघींची नोकरी एकसारखी नसते. सर्व्हिस कंपनी दुसऱ्याचं काम करते आणि माणसांच्या तासांवर बिल लावते. म्हणून तिथे प्रोजेक्ट संपला की माणूस बेंचवर, म्हणजे बिनकामाचा बसतो आणि बेंच लांबला की जीव टांगणीला लागतो. प्रॉडक्ट कंपनी स्वतःचा माल बनवून विकते. तिथे एकाच गोष्टीत खोल शिरता येतं, पण माल खपला नाही तर सगळ्यांनाच झळ बसते. तिसरी जात म्हणजे परदेशी बँका, वाहन कंपन्या यांनी इथे उघडलेली स्वतःची केंद्रं, ज्यांना हल्ली जीसीसी म्हणतात. त्या फ्रेशर कमी घेतात, दोन-तीन वर्षं काम केलेली माणसं जास्त. त्यामुळे पहिली पायरी बहुतेकींची सर्व्हिस कंपनी किंवा छोटी कंपनी हीच असते, आणि त्यात काही कमीपणा नाही.

तुझ्या मोठ्या कंपनीच्या पत्रात पद लिहिलंय ‘ट्रेनी’. ट्रेनिंगनंतर डेव्हलपमेंट मिळेल की टेस्टिंग की सपोर्ट, हे त्यात नाही. टेस्टिंगला कुणी खालचं म्हणालं तर ऐकू नकोस, मी त्यावरच वीस वर्षं जगलेय. सपोर्टमध्ये मात्र रात्रपाळी किती महिने आणि त्यातून बाहेर पडायची वाट आहे का, हे आधी विचार.

आता पैशांचं. छोट्या कंपनीनं 3,50,000 लिहिलेत. दादानं बाराने भागून गावभर 29 हजार सांगितले असतील. पत्राच्या शेवटच्या पानावरचा तक्ता बघ. कंपनीच्या वाट्याचा पीएफ 21,600, ग्रॅच्युइटी 8,658, विमा 6,000, व्हेरिएबल 30,000. हे सगळं त्या साडेतीन लाखांत धरलंय. व्हेरिएबल मिळेलच असं नाही आणि ग्रॅच्युइटी सलग पाच वर्षं राहिलीस तर. हे चारही आकडे वजा केले की महिन्याला साधारण 23,645 उरतात. त्यातून तुझ्या वाट्याचा पीएफ 1,800 जातो. बाईचा पगार 25,000 पर्यंत असेल तर महाराष्ट्रात व्यवसाय कर कापत नाहीत, तेवढी सवलत आहे. म्हणजे तुझ्या हाती 21,845 येतील. खोलीचं भाडं, डबा, बस आणि महिन्यातून एकदा गावी येणं त्यातच बसवायचं. मी तुला घाबरवत नाही. आबा ज्वारीची पोती मोजून घ्यायचे, तशी तू ही मोजून घे आणि मगच हो म्हण.

त्याच पत्रातल्या बॉण्डचं जरा नीट समजून घे. लोक दोन टोकांचं बोलतात. कुणी म्हणतं बॉण्डला कायद्यात काही किंमत नाही, कुणी म्हणतं मोडलास तर तुरुंग. दोन्ही खोटं. 1872 च्या करार कायद्याप्रमाणे करार मोडला तर वाजवी भरपाई द्यावी लागू शकते, पण कागदावर आकडा लिहिला म्हणून तो आपोआप वसूल होत नाही. 2025 साली सर्वोच्च न्यायालयानं एका सरकारी बँकेचा 2 लाखांचा बॉण्ड वैध ठरवला, कारण त्या पदाची भरती आणि पगार पाहता तो त्यांना वाजवी वाटला. तेव्हा सही करायची तर पाळायच्या तयारीनं कर. ट्रेनिंगवर ते खरंच काय खर्च करणार ते विचार, आणि एक वर्ष राहिलीस तर रक्कम अर्धी होते का तेही लिहून घे. ऊसतोडीला जाणारा निदान उचल हातात घेतो, तेव्हा बांधला जातो. इथे उचल न घेताच पोरं दोन लाखांच्या देण्यावर सह्या करतात.

आणि ओरिजिनल मार्कशीट कुणालाही ठेवून घेऊ द्यायच्या नाहीत. दाखव, झेरॉक्सवर स्वतः सही करून दे आणि ओरिजिनल परत पाकिटात घालून घरी आण. यात तडजोड नाही.

नोटीस पिरियडही बघ. दोन्ही पत्रांत 90 दिवस आहेत. नवी कंपनी “महिन्यात या” म्हणते आणि जुनी तीन महिने सोडत नाही, यात कितीजण अडकलेले मी पाहिलेत. हा आकडा आज बदलणार नाही कदाचित, पण माहीत असू दे.

तुझ्या मैत्रिणीनं सांगितलेल्या त्या ‘कन्सल्टन्सी’बद्दल दादा फोनवर हळूच बोलला. पैसे भरा, दोन वर्षांचा अनुभव दाखवून देतो, पगार दुप्पट. दादा बैल विकायच्या गोष्टी करायला लागला तेव्हा माझ्या पोटात धस्स झालं. त्या वाटेला जाऊ नको गं. पीएफच्या खात्याला प्रत्येकाचा एकच यूएएन नंबर असतो आणि कुठल्या महिन्यात कुठल्या कंपनीनं पैसे भरले ते त्यात दिसतं. नोकरीआधी आणि नोकरीनंतरही पडताळणी करणाऱ्या कंपन्या तेच बघतात. सापडलीस तर नुसती नोकरी जात नाही, नाव जातं. आणि नाही सापडलीस तरी दोन वर्षांचा अनुभव असल्याचं नाटक करत पहिल्या दिवसापासून भीतभीत बसावं लागतं. शिकायचं वय तोंड लपवण्यात जातं.

तू विचारलंस, एआय सगळं लिहायला लागलं तर आमचं काय. हा प्रश्न खोटा नाही. 2025 च्या जुलैमध्ये टीसीएसनं सुमारे 12,000 माणसं कमी करणार असं जाहीर केलं, त्यात मधल्या आणि वरच्या पदांवरची जास्त. आमच्या टीममध्येही साधा कोड आता यंत्र लिहितं. पण मला काय दिसलं ते सांगते.

काही वर्षांपूर्वी आम्ही एका बँकेच्या ॲपची तपासणी करत होतो. ओटीपी साठ सेकंदांत बाद व्हायचा. आमच्या एसी खोलीत तो चार सेकंदांत येत होता, म्हणून सगळ्यांनी ‘पास’ लिहिलं. मला मात्र आपल्या घरचं माळवद दिसत होतं. रेंज नाही म्हणून आबा फोन घेऊन शिडीनं वर चढतात, ओटीपी आला की वरून आकडे ओरडून सांगतात आणि खाली दादा ते दाबतो. तोवर वेळ संपलेली असते. मी मीटिंगमध्ये हे तसंच्या तसं सांगितलं. आधी शांतता पसरली. मग डिझाइनवाल्या मुलानं विचारलं, “माळवद म्हणजे काय?” मी फळ्यावर मातीच्या सपाट छपराचं चित्र काढून दाखवलं. पुढच्या आवृत्तीत वेळ वाढली आणि अर्धा भरलेला अर्ज जपून ठेवायची सोय आली. कोड कुणी लिहिला ते आज मला आठवतही नाही. चूक कुठे आहे ते कळायला मात्र ती शिडी चढलेली असावी लागली.

आबांना ओसरीवर मान वर करून बोलता यायचं, कारण त्या मालकाचे बैल दुसऱ्या कुणाला जुंपू द्यायचे नाहीत, हे आबांनाही ठाऊक होतं आणि मालकालाही. तूही रिकाम्या हातानं जात नाहीस. कोरडवाहू शेतीचा हिशेब, रांगेत उभं राहून भरलेले फॉर्म, अडलेल्या माणसाचा चेहरा, हे तुला आतून ठाऊक आहे. त्याला दोन-तीन वर्षांत पक्क्या कामाची जोड दे. दुसऱ्याचा कोड नीट वाचायला शिक, डेटाबेस मुळापासून शिक, इंग्रजीत अडखळलीस तरी मीटिंगमध्ये प्रश्न विचार. यंत्रानं लिहिलेलं बरोबर आहे का, हे सांगणारं माणूस लागतंच, आणि ते सांगायला स्वतःला कळावं लागतं.

आता माझं मत. मोठ्या कंपनीच्या पत्रात रुजू व्हायची तारीख नाही. 2022 साली निवड झालेल्या कितीतरी मुलांनी वर्ष-दोन वर्षं अशीच वाट पाहिली, आणि पुण्यातल्या नाइट्स या आयटी कर्मचाऱ्यांच्या संघटनेनं केंद्रीय कामगार मंत्रालयाकडे तक्रारी केल्या. म्हणून त्या पत्रावर विसंबून घरी बसू नको. छोट्या कंपनीला जा, पण आधी तीन प्रश्न लिहून ईमेलनं विचार: ओरिजिनल परत देणार का, बॉण्डची रक्कम कशी कमी होत जाणार, आणि माझं काम रोज कोण तपासणार. तिसरा प्रश्न मला सगळ्यांत मोठा वाटतो. पहिल्या दोन वर्षांत तुझ्या चुका दाखवणारं एखादं चांगलं माणूस भेटलं, तर साडेतीन लाख हा आकडा फार काळ राहणार नाही. त्यांनी ओरिजिनलला नाही म्हटलं, तर तूही नाही म्हण आणि इकडे माझ्याकडे ये. माझ्या घरात एक गादी जास्तीची आहे. सहा महिने शोधू, सापडेल. दादाशी मी बोलते.

गुरुवारी पाडवा आहे. घरी गुढी उभारली की आबांजवळ जाऊन बस आणि साल कसं धरायचे ते त्यांच्याच तोंडून ऐक. त्यांना आता कमी ऐकू येतं, जरा मोठ्यानं विचार. मग त्यांच्या शेजारी बसूनच तो ईमेल पाठव. आणि पुढच्या पाडव्याला, नोकरी कुठलीही असो, वर्षात काय शिकले आणि काय मिळालं याचा कागद मांडून मला वाचून दाखव. मी दर पाडव्याला मांडते.

वहिनीला नमस्कार, आबांच्या पायावर माझ्या वतीनं डोकं ठेव.

तुझी,
आत्या