तेरणेकाठची वही

आठवीत ‘निसर्ग’ या विषयावर कविता लिहावयास सांगितली, तेव्हा आम्हा सर्वांच्याच वह्यांतून झुळझुळ झरे वाहू लागले. वास्तविक त्याच उन्हाळ्यात वसतिगृहाचे पाणी टँकरने आले होते! मराठीच्या सरांनी वह्या चाळल्या. ते रागावले नाहीत, एवढेच म्हणाले, “गोरोबाकाकांच्या तेरजवळ राहता, आणि एकाच्याही कवितेत चिखल नाही?”

दिवाळीनंतरच्या रविवारी सर आम्हांला तेरणेच्या काठी घेऊन गेले. तासभर बोलायचे नाही, दिसेल तेवढेच टिपायचे आणि ‘सुंदर’ हा शब्द लिहायचा नाही, असा त्यांचा दंडक होता. पहिला रविवार कंटाळ्यात गेला. दुसऱ्या रविवारी तुरीचे पिवळे फूल पाठीमागून तांबूस रेघांचे असते, हे आम्ही प्रथमच पाहिले. शेतकऱ्यांचीच मुले आम्ही. तूर जन्मभर खाल्ली होती. काळ्या रानाच्या एका भेगेत तर अख्खी पेन्सिल मावली. ज्वारी गुडघ्याएवढी झाली होती. तिच्या पोंग्यात दहिवर साचलेले असे. परतल्यावर सर ना. धों. महानोरांच्या ‘रानातल्या कविता’ वाचून दाखवीत. अजिंठ्याजवळच्या पळसखेड्यात स्वतः शेती करणाऱ्या या कवीचा तो संग्रह १९६७ सालचा. ज्या रानात आपण राबतो तेच कवितेत येऊ शकते, याचे आम्हांला फार नवल वाटले.

एका रविवारी पलीकडच्या रस्त्याने ऊसतोडीला निघालेल्या टोळीचे ट्रॅक्टर गेले. आम्ही ते पाहिले आणि वहीत ‘धुळीचा लोट’ असे टिपले. आमच्यातील एकाने मात्र ट्रॉलीवरची उलटी बांधलेली बाज लिहिली, पत्र्याची पेटी लिहिली, पायाला दोरी बांधलेली कोंबडी लिहिली. शेवटच्या ओळीत पेटीवर बसलेली एक बाई शाळेच्या दिशेने मान वळवून पाहत होती. ती त्याची आई होती. ती त्याच दिवशी निघणार, हे त्याने आम्हांला सांगितले नव्हते.

सरांनी तपासण्यासाठी लाल पेन उघडले होते. त्यांनी त्याला पुन्हा टोपण लावले आणि वही त्याच्या हातात दिली. त्या रात्री जेवणाच्या पंगतीत आम्ही त्याच्या दोन्ही बाजूंना नेहमीपेक्षा दाटीने बसलो.